मिरचीचं श्रेय जहाजांना देऊ नका

मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, हे वाक्य आता सर्वांना पाठ आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, खाद्यसंस्कृतीवरच्या भाषणांत, गोव्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या वाटाड्यांच्या तोंडी ते असतंच. वाक्य चूक नाही. सोळाव्या शतकात गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं, ब्राझीलवरही त्यांचा अंमल होता, आणि मिरचीचं बी त्यांच्याच जहाजांतून इकडे आलं याबद्दल अभ्यासकांमध्ये फारसा वाद नाही. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने तर ती ब्राझीलमधल्या पर्नाम्बुकोहून पोर्तुगीजांनी भारतात नेल्याचं लिहूनच ठेवलं आहे. माझी तक्रार त्या वाक्यातून जे गळतं त्याबद्दल आहे. आणली ती कुणाच्या शेतातून? रानातल्या झुडपाच्या मण्याएवढ्या फळापासून लांब, जाड, पिवळे, लाल, वाळवून साठवण्याजोगे वाण कुणी तयार केले? ती जेवणात कशी घालायची, किती घालायची हे आधी कुणाला माहीत होतं? आपण सांगतो त्या गोष्टीत जहाज बंदराला लागतं तिथूनच मिरचीचा इतिहास सुरू होतो. त्याआधीची काही हजार वर्षं आणि ती वर्षं राबलेली माणसं त्या गोष्टीत नसतात.

हा केवळ सौजन्याचा मुद्दा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी युरोपला मिरची पहिल्यांदा कशी कळली ते नीट पाहावं. त्या शंभर वर्षांत एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. मिरची पिकवणाऱ्याला आणि खाणाऱ्याला ज्याने विचारलं, त्याला ती जवळजवळ बिनचूक कळली. ज्याने ग्रीक, लॅटिन आणि अरबी ग्रंथांना विचारलं, तो पार भलत्या खंडात जाऊन पोहोचला. आणि पुढे खरी माहिती लिहिली गेली, तेव्हा तीच फडताळात बंद झाली.

सुरुवात कोलंबसपासून. १५ जानेवारी १४९३ रोजी, हिस्पॅनिओला बेटावर असताना, त्याने रोजनिशीत ‘अही’ची नोंद केली. मूळ रोजनिशी हरवली. बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने केलेला गोषवारा तेवढा उरला आहे. त्यात कोलंबस म्हणतो की इथे अही भरपूर आहे, ती इथल्या लोकांची मिरी आहे आणि आपल्या मिरीपेक्षा मोलाची आहे, तिच्याशिवाय कुणी जेवत नाही, ती प्रकृतीला चांगली मानतात, आणि दरवर्षी पन्नास जहाजं भरतील एवढी इथून नेता येईल. या नोंदीतलं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं त्या बेटावरच्या तायनो लोकांचं ज्ञान आहे. रोज खातात, प्रकृतीला मानवते, मुबलक येते, हे कोलंबसला त्यांच्याकडे बघून आणि त्यांच्याकडून कळलं. त्याने स्वतःची भर घातली ती व्यापाराच्या हिशेबाची. तरी जगभरच्या पुस्तकांत या नोंदीला ‘मिरचीचा शोध’ म्हटलं जातं.

दुसऱ्या सफरीत दिएगो आल्वारेस चांका नावाचा वैद्य होता. १४९४ मध्ये सेव्हिलला पाठवलेल्या पत्रात तो सांगतो की इथले लोक त्यांचे कंद ‘अही’ नावाच्या मसाल्याबरोबर खातात, मासे आणि पक्ष्यांच्या मांसालाही तेच लावतात. नेमकी, वैद्याच्या नजरेची माहिती. त्याच सुमारास पीटर मार्टिर हा स्पेनच्या दरबारातला इटालियन विद्वान, अमेरिकेत कधीही न गेलेला, रोमकडे पत्र लिहून कळवत होता की तिकडे कॉकेशसच्या मिरीपेक्षाही झणझणीत मिरी सापडली आहे. मिरी कॉकेशसमध्ये पिकते हा समज जुन्या ग्रंथांतून आलेला होता. एकाच बातमीचे हे दोन प्रवास पहिल्याच वर्षभरात सुरू झाले: एक तायनो माणसाच्या ताटावरून, दुसरा पुस्तकाच्या पानावरून.

कोलंबसची ती पन्नास जहाजं कधी भरली नाहीत, आणि मला या सगळ्या कहाणीतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काळ्या मिरीचा वेल उष्ण, दमट, सावलीच्या प्रदेशाबाहेर तग धरत नाही. म्हणून तिच्यावर व्यापाऱ्यांची आणि राजांची मक्तेदारी चालली. लिस्बनमध्ये मिरीच्या प्रत्येक पोत्याचा हिशेब ठेवला गेला. मिरचीचं तसं नव्हतं. वाळलेली एक मिरची म्हणजे बियांची पुडीच. ती खलाशाच्या खिशातून जाते, मठाच्या बागेत रुजते, आणि उन्हाळा असेल तिथे कुंडीतही फळते. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने १५७० च्या दशकात हे फार सरळ सांगितलं आहे. स्पेनमध्ये अशी बाग नाही जिथे ही लावलेली नाही, रश्श्यात ती नेहमीच्या मिरीपेक्षा सरस लागते, आणि पूर्वेकडची मिरी घ्यायला कैक डुकाट मोजावे लागतात, तर हिला पेरण्यापलीकडे खर्च नाही, असा त्याचा एकंदर सूर आहे.

ज्या पिकावर कुणाला जकात बसवता येत नाही, त्याचे कागद कुणी सांभाळत नाही. मिरचीच्या प्रवासाच्या नोंदी इतक्या विरळ आहेत त्याचं मोठं कारण हे आहे. गोव्यात राहून, बाग राखून, औषधं आणि मसाल्यांवर गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच ग्रंथ छापला. त्यात मिरी आहे, आलं आहे, आंबा आहे, फणस आहे, पण मिरचीवर वेगळं प्रकरण नाही. गरिबाच्या परसात वाढणारं रोप व्यापाराच्या वहीत येत नाही, आणि वहीत नाही म्हणून विद्वानाच्या पुस्तकातही उशिरा येतं. हा अनुभव आपल्याकडच्या कितीतरी पिकांचा आहे.

आता १५४२ मधला लिओनहार्ट फुक्स. जर्मनीतल्या ट्युबिंगेनचा हा प्राध्यापक, युरोपातल्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी एक. त्याच्या बासेलला छापलेल्या ग्रंथात पाचशेहून अधिक वनस्पतींची चित्रं आहेत आणि मिरचीची सर्वांत जुनी छापील चित्रं त्यातलीच. ती आजही पाहण्यासारखी आहेत. पान, फूल, देठ, फळाचे वेगवेगळे आकार, सगळं इतकं नीट की ही मिरचीच, हे लगेच ओळखू येतं. रोप समोर ठेवून काढलेली चित्रं आहेत ती. चित्रकारांची कदर करणारा माणूस होता. चित्रं काढणाऱ्या दोघांच्या आणि ठसे कोरणाऱ्याच्या प्रतिमा त्याने त्याच ग्रंथात नावांसह छापल्या. पण या रोपाला त्याने नाव दिलं ‘कालिकतची मिरी’. शिवाय प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात उल्लेख केलेली एक वनस्पती म्हणजेच ही, असं त्याने ठरवलं. मक्यालाही त्याच ग्रंथात तुर्की धान्य म्हटलं आहे.

फुक्सला मी मूर्ख ठरवणार नाही. जर्मनीत ही रोपं दक्षिणेच्या व्यापारी वाटांनी पोहोचत होती, तुर्कांच्या साम्राज्यातून बाल्कन आणि हंगेरीकडे मिरची सरकत होती, आणि ‘इंडीज’ हा शब्द दोन्ही गोलार्धांना लावला जात होता. कालिकत म्हणजे मसाल्यांचं गाव, हे तेव्हा युरोपात पक्कं झालेलं होतं. गोंधळाला कारणं होती. पण त्याआधी सात वर्षं, १५३५ मध्ये, सेव्हिलला गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो याचा ग्रंथ छापून झाला होता. ओव्हिएदो कॅरिबियन बेटांवर वर्षानुवर्षं राहिलेला. त्याच्या ग्रंथात अहीवर स्वतंत्र प्रकरण आहे: तिथले मूळ रहिवासी ती बागांमध्ये मुद्दाम लावतात, तिथले ख्रिस्तीही तितक्याच आवडीने खातात, मांसमासळीला ती चांगल्या मिरीपेक्षा मानवते, आणि स्पेन-इटलीतही नेली जाते. म्हणजे उत्तर छापील पुस्तकात होतं. जर्मन विद्यापीठातल्या माणसाला प्लिनी जास्त विश्वासाचा वाटला.

ही सवय किती खोल होती ते जॉन जेरार्डच्या वनस्पतींवरच्या १५९७ च्या इंग्रजी ग्रंथात दिसतं. मिरचीत दुष्ट गुण आहे, ती यकृताची वैरीण आहे, आणि ती कुत्र्यांना मारते असं इब्न सीना या जुन्या वैद्याने लिहिलं आहे, असं तो सांगतो. इब्न सीना १०३७ मध्ये वारला. अटलांटिकच्या या बाजूला मिरचीचं एक पानही पोहोचायच्या साडेचारशे वर्षं आधी. हजारो वर्षं कोट्यवधी माणसांनी खाल्लेल्या अन्नाचे गुणदोष अशा माणसाच्या साक्षीने ठरवले गेले ज्याने ते पाहिलंच नव्हतं, आणि ज्यांनी खाल्लं त्यांची साक्ष कुणी काढली नाही.

ती साक्ष काढणारा एक माणूस होता. बेर्नार्दिनो दे साआगुन, मेक्सिकोतला फ्रान्सिस्कन संन्यासी. धर्मप्रसारासाठीच आलेला, तिथल्या धर्माचा शत्रूच म्हणावा असा. पण त्याने नाहुआ लोकांची भाषा शिकून, गावोगावच्या जाणत्यांना बसवून, प्रश्न विचारून, उत्तरं नाहुआत्ल भाषेतच लिहवून घेतली. बारा भागांच्या त्या हस्तलिखितात बाजारातल्या विक्रेत्यांची वर्णनं आहेत, आणि त्यांत मिरचीवाला आहे. चांगला मिरचीवाला काय विकतो? सौम्य लाल, रुंद, हिरवी तिखट, पिवळी, धुरावलेली, बारीक, झाडावरची, किड्यासारखी दिसणारी, लवकर येणारी. कुठली? तोच्मिल्कोची, वाश्तेपेकची, मिचोआकानची, वास्तेकांच्या मुलखातली. मिरच्यांच्या माळा वेगळ्या. आणि वाईट मिरचीवाला? तो कुजकट वासाची, सडकी, उशिरा धरलेली मिरची विकतो, चुरा आणि कोंडा विकतो, पाणथळ जमिनीतली न झोंबणारी, बेचव, कोवळी मिरची गळ्यात मारतो.

हे वाचताना मला नेहमी वाटतं की मिरचीवर सोळाव्या शतकात लिहिलेलं याहून नेमकं काही नसावं. जमीन आणि तिखटपणा यांचा संबंध, हंगाम, प्रतवारी, मुलखाप्रमाणे वाण, टिकवण्याच्या रीती, भेसळ, सगळं त्यात आहे. पाणी जास्त झालं की मिरचीचा तिखटपणा उतरतो हे आपले शेतकरी आजही सांगतात. कुत्री मारणारं म्हणून जेरार्ड ज्या फळाची भीती घालत होता, त्याची बाजारपेठ मेक्सिकोत एवढी पुढे गेलेली होती की ग्राहकाला फसवण्याचे प्रकारही लोकांनी नोंदवण्याइतके ओळखीचे होते.

आणि या हस्तलिखिताचं झालं काय? १५७७ मध्ये स्पेनच्या राजाने साआगुनचं लेखन जप्त करून पाठवण्याचा हुकूम दिला. मूर्तिपूजकांच्या चालीरीतींबद्दल कुणी लिहू नये हा हेतू. त्याची एक सचित्र प्रत फ्लोरेन्सला पोहोचली आणि ग्रंथालयात पडून राहिली. साआगुनचा मजकूर छापला गेला तो एकोणिसाव्या शतकात. फ्रान्सिस्को हेर्नांदेस या राजवैद्याचं नशीब याहून बरं नव्हतं. १५७१ ते १५७७ तो मेक्सिकोत फिरला, स्थानिक वैद्यांना विचारत वनस्पती नोंदवल्या, स्थानिक चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढून घेतली, मिरचीचे प्रकार त्यांच्या नाहुआत्ल नावांनी लिहिले. मूळ खंड एस्कोरियालच्या राजग्रंथालयात गेले आणि १६७१ च्या आगीत जळले. त्यातला निवडक भाग रोमला छापून झाला तो १६५१ मध्ये, हेर्नांदेस जाऊन साठ वर्षं उलटल्यावर. युरोपला मिरचीबद्दल माहिती नव्हती हे म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. युरोपने माहिती मागवली, मिळवली, आणि ती सांगणारे लोक कमी दर्जाचे मानल्यामुळे किंवा धोकादायक वाटल्यामुळे बाजूला ठेवली.

त्या चुका जुन्या झाल्या म्हणून संपल्या नाहीत. १७७६ मध्ये व्हिएन्नातल्या निकोलाउस याकीन याने मिरचीच्या एका जातीला ‘कॅप्सिकम चायनेन्से’ म्हणजे चिनी असं नाव दिलं. ती मूळची चीनची असल्याचं त्याला वाटलं. ती जात अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्याकडची. मेक्सिकोच्या युकातानची आबानेरो मिरची त्याच जातीची, आपल्या ईशान्येतली राजा मिरचीही त्याच कुळातली. शास्त्रीय नामकरणाच्या नियमांमुळे ते नाव आजही तसंच चालतं. आणि फुक्सच्या कालिकतच्या मिरीचा पुरावा पुढे करून, मिरची मूळची भारतातलीच, असं ठासून सांगणारे आपल्याकडे आजही भेटतात.

त्यांना उत्तर द्यायला परदेशी ग्रंथांची गरज नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात मांसाचे, डाळींचे, वड्यांचे प्रकार तपशिलाने आहेत. तिखटपणासाठी मिरी आहे, आलं आहे, मिरची नाही. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फजलने अकबराच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांचं साहित्य वजनासह दिलं. तिथेही मिरी आहे आणि मिरची नाही. इतक्या बारकाईने लिहिणाऱ्यांच्या यादीतून रोजचा पदार्थ सुटत नसतो. दुसरीकडे इक्वाडोरमधल्या उत्खननांत सहा हजार वर्षांपूर्वीच्या भांड्यांवर आणि जात्यांवर मिरचीचे पिष्टकण सापडले आहेत.

आता आपला स्वतःचा प्रश्न. १९९५ मध्ये हळदीने जखम भरण्याच्या वापरावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि छापील निबंध पुराव्याला ठेवले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. महाराष्ट्राला त्या लढ्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. त्या लढ्याचं तत्त्व काय होतं? आजीबाईंच्या बटव्यातलं ज्ञान हे ज्ञानच आहे. प्रयोगशाळेने किंवा परदेशी कचेरीने शिक्का मारला तेव्हापासून ते सुरू होत नाही. हे तत्त्व आपण हळदीला लावतो, तर मिरचीला का लावायचं नाही? अमेरिका खंडातल्या नाहुआ, तायनो, माया, केचुआ शेतकऱ्यांचं हजारो वर्षांचं काम ‘पोर्तुगीजांनी आणली’ या दोन शब्दांत गुंडाळणं म्हणजे हळदीच्या बाबतीत ज्याला आपण अन्याय म्हटलं तोच करणं आहे. आपल्यावर वसाहतीचा अनुभव गुजरलेला असताना तर हे जास्तच खटकतं.

यावर एक म्हणणं असं येतं की मिरची आता आपली झाली आहे, तिचं मूळ सारखं काढून दाखवणं म्हणजे आपल्या ठेच्याला, कोल्हापुरी रश्श्याला परकं ठरवणं. मला हे भय निराधार वाटतं. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरी मिरचीला आणि काणकोणच्या खोला मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि ते योग्य आहे. त्या मातीत, त्या पावसात, पिढ्यान्‌पिढ्या बियाणं निवडून ठेवणाऱ्या हातांनी ते वाण घडवले. ते काम खरं आहे, तसंच त्याआधीचं कामही खरं आहे. एकाचं नाव घेतल्याने दुसऱ्याचं कमी होत नाही. वस्तू किती आपली करून घेता येते याची साक्ष तर आपल्या उपासाच्या ताटातच आहे. दक्षिण अमेरिकेतल्या इंका राज्यात कडक उपास म्हणजे मीठ आणि ‘उचू’ म्हणजे मिरची दोन्ही वर्ज्य, असं इंका मातेच्या पोटी जन्मलेल्या गार्सिलासो दे ला व्हेगाने १६०९ मध्ये लिहिलं आहे. आपल्याकडे एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत हिरवी मिरची चालते, शेंगदाणे चालतात, बटाटा चालतो, आणि यांतलं प्रत्येक पीक अमेरिकेतलं आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोसुद्धा. हे कळल्याने कुणाचा उपास मोडत नाही.

नावं घेता येतात, हेही दाखवून देता येईल. १६७८ पासून अ‍ॅम्स्टरडॅममध्ये छापल्या गेलेल्या मलबारच्या वनस्पतींवरच्या डच ग्रंथाच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचं, आणि रंगभट, विनायक पंडित, आपुभट या कोचीतल्या कोंकणी वैद्यांचं निवेदन छापलेलं आहे. कोंकणी वैद्यांचं तर नागरी लिपीत. वसाहतवादी कंपनीचा अधिकारी असूनही ग्रंथकर्त्या व्हान रीडने ते केलं. मलबारात तोवर रुजलेली मिरचीही त्याच ग्रंथमालेत आहे. साआगुननेही त्याच्या मदतनीसांची नावं लिहून ठेवली: आस्कापोत्साल्कोचा आन्तोनिओ व्हालेरिआनो, क्वाउतित्लानचे आलोन्सो वेगेरानो आणि पेद्रो दे सान बुएनाव्हेन्तुरा, त्लातेलोल्कोचा मार्तिन हाकोबिता. हे सगळे नाहुआ होते आणि लॅटिन, स्पॅनिश, नाहुआत्ल या तिन्ही भाषा जाणत होते. मिरचीवाल्याचं ते वर्णन आपल्यापर्यंत आलं ते त्यांच्या आणि त्यांनी ज्यांना विचारलं त्या अनाम वृद्धांच्या हातून.

त्यामुळे माझी मागणी मोठी नाही. इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शालेय पुस्तकांत, संग्रहालयांतल्या फलकांवर, मिरची महोत्सवांच्या पत्रकांत, मानांकनाच्या माहितीपुस्तिकांत आजच्या एका वाक्याच्या जागी दोन वाक्यं यावीत. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासी शेतकऱ्यांनी हजारो वर्षांत मिरचीचे वाण तयार केले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून तिचं बी भारतात आलं आणि इथल्या शेतकऱ्यांनी त्यातून स्वतःचे वाण घडवले. पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत एवढ्या दोन ओळींना जागा नक्की आहे.